प्रयोगशाळेंतील नाक

ताटांतल्या आमटीवर कोथिंबीर पेरली कीं बहुतेकांची भूक चाळवते. परंतु या बहुतेकांत न बसणारीं कांहीं माणसें असतात. त्यांना त्या हिरव्या पानांस साबणाचा वास येतो. अशा मनुष्याचें म्हणणें घरांत फारसें कोणी मनावर घेत नाहीं. लहान असला तर हट्टी आणि मोठा झाला तर चोखंदळ, एवढ्यावर त्याची बोळवण होते. आपण खोटें बोलत नाहीं हें पटविण्यास त्याच्याजवळ साधनच नसतें. दृष्टि अधू झाली तर चष्मेवाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगतो आणि भिंगाचा आंकडा लिहून देतो. कानास किती कमी ऐकूं येतें तें यंत्रानें मोजतां येतें. नाकाची साक्ष मात्र तपासावयाची ती दुसऱ्या नाकानेंच. आणि दोन नाकांत मतभेद झाला तर निवाडा करणारें तिसरें नाक कोठून आणावयाचें?

भाषेला ही अडचण कधीं पडली नाहीं. मराठींत भाजणीचा वास खमंग, लागलेल्या दुधाचा करपट, जुन्या खोबऱ्याचा खवट, पावसाळ्यांत न वाळलेल्या कपड्यांचा कुबट. मोगऱ्याचा दरवळ निराळा आणि हिंगाचा दर्प निराळा. खमंग आणि करपट यांच्यामध्यें चुलीवरचें अर्धें मिनिट असतें, आणि ती सीमा डोळे मिटून ओळखणाऱ्या गृहिणी घरोघर आहेत. शास्त्र मात्र येथें फार मागें राहिलें. रंगाला प्रकाशतरंगाची लांबी आहे, सुराला कंपनांची संख्या आहे. गंधाला असें एकहि माप नव्हतें. रेणूची घडण कागदावर काढून दाखविली तरी त्याला वास कसा येईल, किंवा येईल कीं नाहीं, हें मोठमोठ्या रसायनज्ञांनाहि खात्रीनें सांगतां येत नसे.

२०२० सालीं या अज्ञानाची किंमत घरोघर कळली. कोविडच्या सांथींत असंख्य माणसांचा वास एका रात्रींत नाहींसा झाला. दूध करपून स्वयंपाकघर धुरानें भरलें तरी शेजारच्या खोलींत पत्ता नाहीं. गॅस गळूं लागला तरी सूचना नाहीं. आणि जेवणांत गोड, आंबट, खारट, कडू आणि जिभेला झोंबणारें तिखट यांखेरीज कांहीं उरलें नाहीं. पुष्कळांचा वास कांहीं आठवड्यांत परतला, कित्येकांचा महिनेच्या महिने परतला नाहीं. डॉक्टरांजवळ देण्यासारखें खात्रीचें औषध नव्हतें. या सांथीच्या अभ्यासांतून एक चमत्कारिक गोष्ट बाहेर आली. विषाणु गंध घेणाऱ्या मज्जापेशींवर सहसा चालून जात नाहीं. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी तो मारतो. परंतु शेजार उद्ध्वस्त झाल्यावर मज्जापेशी जिवंत राहूनहि आपला धंदा बंद करतात. गंध ओळखणारीं जीं विशिष्ट प्रथिनें त्या रोज घडवितात, तीं घडविण्याचेंच त्या सोडून देतात. न्यूयॉर्कमधील संशोधकांनीं २०२२ सालीं हें दाखवून दिलें. म्हणजे दिवा शाबूत, तेल शाबूत, आणि वात मात्र नाहीं, असा तो प्रकार होता.

हीं प्रथिनें म्हणजेच गंधग्राही प्रथिनें. त्यांचें घर नाकांत, पण बाहेरून दिसणाऱ्या नाकांत नव्हे. नाकपुडीच्या अगदीं वरच्या टोंकास, दोन डोळ्यांच्या मधोमध येईल अशा उंचीवर, अंतस्त्वचेचा एक लहानसा पट्टा आहे. त्यांत लक्षावधि मज्जापेशी दाटीनें उभ्या असतात. प्रत्येकीचें एक टोंक मेंदूकडे गेलेलें असतें आणि दुसरें नाकांतील ओलाव्यांत बुडालेलें असतें. या बुडालेल्या टोंकास अतिसूक्ष्म केसांचा एक झुबका असतो, आणि त्या केसांच्या पातळ पटलांत ग्राही प्रथिनें बसविलेलीं असतात. श्वासाबरोबर आलेला रेणु अशा एखाद्या प्रथिनाच्या खळग्यांत नेमका बसला कीं प्रथिनाचा आकार किंचित् पालटतो. त्या हालचालीनें पेशीच्या आंत असलेलें जी-प्रथिन जागें होतें. तें एका विकराला कामास लावतें. विकर सायक्लिक एएमपी नांवाचें द्रव्य तयार करतें. त्या द्रव्यानें पेशीपटलांतील बारीक दारें उघडतात, विद्युद्भारित कण आंत घुसतात आणि मेंदूकडे तार जाते. हें सर्व होण्यास डोळ्याचें पातें लवण्याइतका वेळ पुरतो.

हीं प्रथिनें कोणतीं, हें १९९१ पर्यंत कोणालाहि ठाऊक नव्हतें. त्या वर्षींच्या एप्रिलमध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनीं उंदराच्या जातींतील मोठ्या घुशीच्या, म्हणजे प्रयोगशाळेंतील रॅटच्या, नाकांतून त्यांच्या जनुकांचा पत्ता लावला. पहिल्या निबंधांत अठरा जनुकांचें वर्णन होतें. परंतु कुटुंब त्याहून किती तरी मोठें आहे हें त्यांच्या तेव्हांच ध्यानांत आलें. पुढें, २००४ सालीं, या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या जनुकांची मोजदाद पूर्ण झाल्यावर असें दिसलें कीं त्याच्याजवळ चालू स्थितींतील गंधग्राही जनुकें सुमारें ४०० आहेत, आणि मोडून निकामी झालेलीं त्याहूनहि अधिक. मनुष्याच्या एकंदर प्रथिन-जनुकांची संख्या सुमारें २०,००० धरली, तर दर ५० जनुकांमागें एक केवळ वासासाठीं राखलेलें आहे. दृष्टीला तीन रंगग्राही प्रथिनें आणि अंधुक उजेडासाठीं आणखी एक, एवढ्यावर भागतें. नाकाला ४०० लागतात. आफ्रिकेच्या हत्तीजवळ अशीं सुमारें २,००० आहेत, तेव्हां मनुष्यानें गर्व करावा अशी ही श्रीमंती नव्हे.

यादी हातीं आली, तेव्हां उरलेलें काम सोपें वाटलें असल्यास नवल नाहीं. कोणतें प्रथिन कोणत्या गंधाला उत्तर देतें एवढें लिहून काढावयाचें होतें. परंतु गांवांतील सर्व घरांवरच्या पाट्या वाचतां आल्या म्हणून आंत कोण राहतें हें कळत नाहीं. प्रथिनाची परीक्षा करावयाची तर प्रथिन हातांत हवें. आणि तें नाकांतून काढून घेणें जवळ जवळ अशक्य. एक तर तो पट्टा लहान, आणि जिवंत मनुष्य आपल्या नाकाचा तुकडा सहजासहजीं देत नाहीं. दुसरें असें कीं प्रत्येक मज्जापेशी ४०० पैकीं एकाच जातीचें प्रथिन धारण करते. तेव्हां सारा पट्टा जरी खरवडून आणला तरी हातीं लागेल ती ४०० जातींची खिचडी. आणि खिचडींतून एकाच शेतांतले तांदूळ निवडावे कसे?

अशा ठिकाणीं शास्त्रज्ञ पुनःसंयोजनाचा मार्ग धरतात. जनुक म्हणजे प्रथिनाची लिखित कृति. ती कृति उतरवून दुसऱ्या एखाद्या पेशीच्या हातीं दिली, तर ती पेशी तेंच प्रथिन रांधते. कृति मनुष्याची आहे कीं घुशीची याची तिला पर्वा नसते. कॅलिफोर्नियांत १९७८ सालीं मनुष्याचें इन्शुलिन याच रीतीनें जंतूंकडून करवून घेण्यांत आलें, आणि १९८२ पासून तें मधुमेहाच्या रोग्यांना मिळूं लागलें. मग गंधग्राही प्रथिनाला हरकत कोणती?

हरकत त्याच्या स्वभावांत होती. इन्शुलिन लहान आहे आणि पाण्यांत सुखानें राहतें. गंधग्राही प्रथिन म्हणजे ३०० हून थोड्या अधिक अमिनो आम्लांची एक दोरी. ती पेशीच्या तेलकट पटलांतून सात वेळां आरपार ओवलेली असते, गोधडींत टांका खालीं-वर जातो तशी. पटलाबाहेर काढलें कीं तें पाण्यांत विरघळत नाहीं, गोळा होऊन बसतें. जंतूंकडून करवून घेतलें तर त्यांच्या पोटांत निरुपयोगी गठ्ठे जमतात. १९९६ सालीं घुशीचें एक प्रथिन जंतूंत तयार करून, शुद्ध करून, पुन्हां स्निग्ध पटलांत बसविण्यांत आलें खरें. पण ती वाट बिकट होती व त्या वाटेनें फार थोडे गेले.

सस्तन प्राण्यांच्या पेशी जंतूंहून अधिक जवळच्या, म्हणून त्यांजकडून आशा होती. तेथें निराशा निराळ्या तऱ्हेची झाली. पेशी प्रथिन बनवीत होती, परंतु तें आपल्या पृष्ठभागावर नेऊन बसवीत नव्हती. प्रत्येक पेशीच्या आंत प्रथिनांच्या घड्या तपासणारा एक कारखाना असतो. ज्याची घडी त्याला पटत नाहीं तें प्रथिन तो अडवून ठेवतो आणि कांहीं वेळानें मोडून टाकतो. गंधग्राही प्रथिनांवर परक्या पेशींचा हा पहारेकरी अगदीं खवळलेला असे. मालाचे गाडे वखारींतच अडकले. दुकानाच्या फळीवर कांहींच आलें नाहीं. गंध बाहेर, प्रथिन आंत, अशा स्थितींत परीक्षा कशाची घ्यावयाची?

येथून पुढच्या वर्षांची हकीकत ही एका अर्थानें केवळ युक्त्यांची हकीकत आहे. १९९८ च्या आरंभीं कोलंबियांतील स्टुअर्ट फायरस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं परकी पेशी शोधण्याचा नादच सोडला. त्यांनीं घुशीचें एक जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर लादून घुशीच्याच नाकांत सोडलें, म्हणजे ज्या पेशींना हें काम येतें त्यांच्याकडूनच तें करून घेतलें. त्या नाकानें आठ कार्बनच्या ऑक्टेनाल या द्रव्याला नेहमींपेक्षां मोठें उत्तर दिलें. एक जनुक आणि एक गंध यांची गांठ अशी पडली. त्याच वर्षीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील मंडळींनीं दुसरी युक्ति काढली. डोळ्यांतील ऱ्होडॉप्सिन हें प्रथिन याच सात टांक्यांच्या कुळांतलें, पण तें परक्या पेशींतहि निमूटपणें पृष्ठभागावर जातें. त्याच्या आरंभींचीं वीस अमिनो आम्लें तोडून नाकाच्या प्रथिनाच्या आरंभीं जोडलीं, तर कांहीं प्रथिनें पहाऱ्यांतून सुटूं लागलीं. डोळ्याच्या ओळखपत्रावर नाकाला प्रवेश मिळाला, असें म्हटलें तरी चालेल.

खरी वाट मोकळी झाली ती २००४ सालीं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत हिरोआकी मात्सुनामी यांच्या प्रयोगशाळेनें प्रश्न उलटा करून विचारला. नाकांतील मज्जापेशीला जें जमतें तें इतर पेशींना कां जमत नाहीं? तिच्याजवळ असें काय आहे जें त्यांच्याजवळ नाहीं? शोधतां शोधतां आरटीपी१ आणि आरटीपी२ हीं दोन प्रथिनें व त्यांच्या जोडीला आणखी एक सांपडलें. यांचें काम वाटाड्याचें. नवें प्रथिन हाताशीं धरून त्याला पृष्ठभागापर्यंत पोंचतें करावयाचें. हे वाटाडे परक्या पेशींत घातल्याबरोबर अडकलेलीं प्रथिनें बाहेर येऊं लागलीं. सर्वच आलीं नाहींत. कांहीं अजूनहि रुसून बसलेलीं आहेत. पण पूर्वीं जेथें एकेका प्रथिनामागें वर्षें जात, तेथें आतां शेंकडों प्रथिनें ओळीनें तपासतां येऊं लागलीं.

ज्या पेशींनीं हें परकें ओझें उचललें त्यांचाहि इतिहास सांगण्यासारखा आहे. त्यांचें नांव एचईके२९३. मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून त्या हॉलंडमधील लायडन येथें १९७३ च्या सुमारास तयार झाल्या, आणि नांवांतील आंकडा म्हणजे फ्रँक ग्रॅहॅम या संशोधकाच्या वहींतील प्रयोगाचा अनुक्रमांक. २९३ वा प्रयोग! त्यापूर्वींच्या प्रयोगांचीं नांवें कोणी घेत नाहीं. या पेशींना नाकाशीं कधींच कर्तव्य नव्हतें; पण त्या भराभर वाढतात, दिलेली कृति बिनतक्रार वाचतात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याजवळ स्वतःचें असें गंधज्ञान फारसें नसल्यामुळें उत्तर आलें तर तें घातलेल्या प्रथिनाचेंच, असें धरतां येतें.

आतां पेशीनें वास घेतला हें ओळखावयाचें कसें? तिला मेंदू नाहीं, कीं नाक मुरडतां येत नाहीं. येथें काजवा मदतीला आला. काजव्याच्या पोटांत ज्या विकरामुळें उजेड पडतो त्याचें जनुक या पेशींत घातलेलें असतें, आणि सायक्लिक एएमपी वाढलें म्हणजेच तें चालू व्हावें अशी तजवीज केलेली असते. प्लॅस्टिकच्या एका लहान पाटावर ९६ खळगे. प्रत्येकांत निरनिराळें प्रथिन धारण करणाऱ्या पेशी. सर्वांवर एकाच गंधद्रव्याचा पातळ द्राव. कांहीं तास जाऊं द्यावयाचे, मग काजव्याच्या विकराला लागणारें द्रव्य वर सोडून पाट यंत्रांत सरकवावयाचा. ज्या खळग्यांत उजेड पडला त्या खळग्यांतील प्रथिनानें गंध ओळखला. उजेड किती, हेंहि यंत्र आंकड्यांत सांगतें. मतभेद झालेल्या दोन नाकांना हवें असलेलें तिसरें नाक तें हें. त्याला आवडनिवड नाहीं.

या तिसऱ्या नाकाची पहिली मोठी साक्ष २००७ सालीं झाली. अँड्रोस्टेनोन म्हणून एक द्रव्य रानडुकराच्या लाळेंत व थोडें मनुष्याच्या घामांतहि असतें. कोणास त्याचा वास मूत्रासारखा किळसवाणा वाटतो, कोणास गोड, व्हॅनिलासारखा, आणि कोणास कांहींच येत नाहीं. ड्यूक व न्यूयॉर्कचें रॉकफेलर विद्यापीठ यांनीं मिळून केलेल्या कामांत ओआर७डी४ हें प्रथिन या द्रव्याला पेशींत जोरानें उत्तर देतें असें आढळलें. मनुष्यांत या प्रथिनाचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि त्यांच्यांत फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा; पण दुसऱ्या प्रकारचें प्रथिन पेशींत जवळ जवळ मुकेंच राहतें. मग प्रत्यक्ष माणसें बसवून त्यांना कुप्या हुंगविल्या. ज्यांच्याजवळ मुका प्रकार होता त्यांना वास कमी आला व तो कमी ओंगळ वाटला. कांचेंतील पेशी आणि बाकावर बसलेला मनुष्य यांची साक्ष जुळली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशाच कामावरून असा हिशेब निघाला कीं कोणतींहि दोन माणसें घेतलीं, तर त्यांच्या गंधग्राही जनुकांच्या ३० टक्क्यांहून अधिक प्रतींच्या कामांत फरक असतो. एका पानावर बसलेले दोघे भाऊ सोडले, तर बाकीचे पंक्तींत शेजारीं बसून निरनिराळें जेवण जेवत असतात म्हणावयाचें. आणि सख्ख्या भावांचेंहि सर्व सारखें नसतेंच.

कोथिंबिरीचें काय झालें, हें येथें विचारलें जाईलच. २०१२ सालीं हजारों लोकांच्या पाहणींत साबणी वासाचा संबंध गंधग्राही जनुकांच्या एका झुबक्याशीं दिसून आला. त्या झुबक्यांत ओआर६ए२ हें जनुक आहे आणि तें अल्डिहाइड जातीच्या द्रव्यांना उत्तर देतें. कोथिंबिरीच्या पानांत आणि साबणांत हीं द्रव्यें असतात. मात्र हा संबंध दुबळा आहे. पुष्कळांची आवड त्यानें ठरत नाहीं. संवय आणि लहानपणचें ताट यांचा वांटा त्याहून मोठा असावा. तरी पण ताटांतून पानें वेंचून बाजूला ठेवणाऱ्या मुलाला संशयाचा फायदा देण्याइतका पुरावा येथें नक्कीच आहे.

कस्तुरीच्या बाबतींत या कामानें एका जुन्या वादांत उडी घेतली. कस्तुरीमृगाच्या ग्रंथींतील सुगंधाचें सार म्हणजे मस्कोन. त्याची घडण लेओपोल्ड रुझिच्का यांनीं १९२६ सालीं उलगडली. कार्बनच्या पंधरा अणूंचें एवढें मोठें कडें निसर्गांत असूं शकेल यावर तेव्हां रसायनज्ञांचा विश्वास बसणें कठीण होतें. हें कडें ओळखणारें मानवी प्रथिन, ओआर५एएन१, तोक्योच्या संशोधकांनीं २०१४ सालीं शोधून काढलें. आतां वाद असा. नाक रेणूचा आकार चाचपतें, असें बहुतेकांचें मत. पण नाक रेणूंतील अणूंचीं कंपनें मोजतें, असें मानणारा एक पक्ष विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे, आणि १९९६ पासून ल्यूका ट्यूरिन यांनीं तो हिरिरीनें मांडला. परीक्षा सोपी होती. रेणूंतील साध्या हायड्रोजनच्या जागीं जड हायड्रोजन घातला तर आकार तोच राहतो, कंपनें मात्र बदलतात. २०१५ सालीं एरिक ब्लॉक, मात्सुनामी आणि त्यांचे सहकारी यांनीं साधें मस्कोन आणि जड मस्कोन या प्रथिनापुढें ठेवलें. दोहोंना उत्तर सारखेंच आलें. कंपनवाद्यांनीं हार मानली नाहीं. तबकडींतील पेशी म्हणजे नाक नव्हे, असें त्यांनीं उत्तर दिलें. तें म्हणणें वाद टिकविण्यासाठीं केलें असलें तरी अगदींच पोकळ नाहीं, हें पुढें दिसेल. पण आकाराच्या बाजूनें स्वयंपाकघरांतहि एक साक्षीदार आहे. पुदिना आणि बाळंतशेपा यांच्या वासांत घोटाळा कोणी करणार नाहीं. दोहोंच्या सुगंधाचें मुख्य द्रव्य मात्र एकच, कार्व्होन. फरक इतकाच कीं एकांतील रेणु हा दुसऱ्यांतील रेणूचें आरशांतलें प्रतिबिंब आहे. प्रतिबिंबाचीं कंपनें मूळ रेणूसारखींच असतात. पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातांत बसत नाहीं.

खळग्यांतल्या उजेडावरून प्रथिन काय करतें तें कळलें. तें दिसतें कसें, हें कळण्यास तें शुद्ध स्वरूपांत आणि पुरेसें मिळणें जरूर होतें. २००९ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांतील शुगुआंग झांग यांच्या गटानें मुग्वेच्या शुभ्र फुलासारखा गंध ओळखणारें एक मानवी प्रथिन मिलिग्रॅमच्या मापांत तयार केलें. मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे थोडेसे कण. पण या क्षेत्रांत ती लूट होती. तरीहि चित्र मिळण्यास आणखी १४ वर्षें लागलीं. २०२३ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियांतील आशीष मंगळीक आणि ड्यूकचे मात्सुनामी यांच्या गटांनीं ओआर५१ई२ या मानवी प्रथिनाची घडण गोठविलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवून प्रसिद्ध केली. निवड धूर्तपणाची होती. हें प्रथिन नाकाखेरीज पुरस्थ ग्रंथी वगैरे इतर ठिकाणींहि आढळतें. तेव्हां परक्या घरीं राहण्याची त्याला संवय असावी आणि तें कमी हट्ट करील, असा अंदाज होता व तो खरा ठरला. खळग्यांत प्रोपिओनेट बसलेलें दिसलें. चीजच्या कांहीं जातींना येणारा आंबूस वास त्याचाच. खळगा चारी बाजूंनीं बंद आणि अगदीं अरुंद. त्याच्या भिंतींतील एकेक मोठें अमिनो आम्ल काढून तेथें लहान बसविलें, तर तेंच प्रथिन प्रोपिओनेटहून लांब रेणूंनाहि उत्तर देऊं लागलें. गंधाची निवड भिंतीच्या रुंदीवर अवलंबून असते, हें इतक्या उघडपणें पूर्वीं कोणी पाहिलें नव्हतें.

उरलेल्या हट्टी प्रथिनांसाठीं २०२४ सालीं आणखी एक तोड निघाली. एका पोटकुळांतील सर्व प्रथिनांचीं अक्षरें एकाखालीं एक मांडून प्रत्येक जागीं बहुमतानें एक अक्षर निवडावयाचें, आणि असें जें कोणाचेंहि नाहीं व सर्वांचें आहे तें प्रथिन बनवावयाचें. हें सरासरी प्रथिन आपल्या भाऊबंदांहून पुष्कळ समजूतदार निघतें; तें पृष्ठभागावर येतें, शुद्धहि होतें, आणि त्याच्या घडणीवरून खऱ्या भावंडांचा अंदाज बांधतां येतो. तें अंदाज आहे, छायाचित्र नव्हे, एवढें मात्र विसरतां कामा नये.

हीं पुनःसंयोजित प्रथिनें कुप्यांत भरून विकलींहि जातात. ‘केवळ संशोधनासाठीं’ अशी चिठ्ठी लावलेल्या या कुप्या गोठवून पाठवितात. नांवावरून वाटेल कीं कुपींत ओळखणारें नाक बंद करून ठेवलें आहे. तसें नेहमीं नसतें. कित्येक कुप्यांत प्रथिनाचा एक तुकडाच असतो, जंतूंकडून करवून घेतलेला. त्याचा उपयोग प्रतिपिंडें तयार करण्यास किंवा तपासण्यास होतो. कित्येकांत पूर्ण प्रथिन असतें, पण गव्हाच्या अंकुराच्या अर्कांत, जिवंत पेशीवांचून बनविलेलें. तें तराजूंत घालतां येतें, प्रतिपिंडाशीं जोडून पाहतां येतें; परंतु सात टांके घालावयास पटल नसेल तर त्याची घडी बरोबर बसली आहे असें धरून चालणें धोक्याचें. अशा कुपींत लवंगेचें तेल टाकून उत्तराची वाट पाहणारा मनुष्य तंबोऱ्याची एक खुंटी घेऊन सुराची वाट पाहत बसला आहे.

आणि पटलांत नीट बसलेलें प्रथिन तरी सर्व नाक थोडेंच आहे? १९९९ सालीं बेटिना मालनिक, लिंडा बक व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं एक गंध अनेक प्रथिनांना जागें करतो आणि एक प्रथिन अनेक गंधांना जागें होतें. मेंदू वाचतो ती या सर्वांची मिळून झालेली जुळणी. शिवाय कांहीं द्रव्यें प्रथिनाला जागें न करतां दुसऱ्याची वाट अडवितात. मोगऱ्याच्या गजऱ्यांतून एका वेळीं कितीतरी द्रव्यें निघतात. ९६ खळग्यांत एकेक गंध एकेका प्रथिनाला विचारून गजऱ्याचा हिशेब पुरा होत नाहीं. शिवाय नाकांत श्लेष्मा आहे, त्यांत गंधद्रव्यें मोडणारीं विकरें आहेत, श्वासाची गति आहे. पाटावर यांतलें कांहीं नाहीं. सुमारें ४०० पैकीं पुष्कळ प्रथिनांची गांठ अद्याप कोणत्याहि गंधाशीं पडलेली नाहीं. प्रयोगशाळेंत त्यांना अनाथ म्हणतात, आणि तो शब्द केवळ विनोदानें वापरीत नाहींत.

वास गमावलेल्यांना या सर्व खटाटोपांतून औषध मिळालेलें नाहीं. मज्जापेशींनीं सोडून दिलेलें प्रथिन पुन्हां घडवावें यासाठीं काय करावें, हें सांगणारी गोळी कोणाजवळ नाहीं. प्रचारांत आहे तो उपाय अगदीं साधा आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील थोमास हुमेल यांनीं तो २००९ सालीं प्रसिद्ध केला. चार कुप्या घ्यावयाच्या. एकींत गुलाब, एकींत निलगिरी, एकींत लिंबू आणि एकींत लवंग. सकाळीं एकदां आणि रात्रीं एकदां, प्रत्येक कुपी कांहीं सेकंद नाकाशीं धरावयाची, निदान १२ आठवडे. सर्वांना गुण येतो असें नाहीं; पण न हुंगणाऱ्यांपेक्षां हुंगणाऱ्यांत तो अधिक जणांना आला. २०२० नंतर कित्येक घरांत या चार कुप्या खिडकींत ओळीनें उभ्या राहिल्या. रोज उघडावयाच्या, हुंगावयाच्या आणि बुचें लावून ठेवावयाच्या. आणि एखाद्या सकाळीं तिसऱ्या कुपीशीं मनुष्य थबकतो, बूच पुन्हां काढतो, आणि आंत लिंबूच आहे ना म्हणून घरांतल्या दुसऱ्याला विचारतो.